दूर गेलेल्या पित्याचें स्मरण

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः पार्लें-अंधेरीच्या बाजूस राहणाऱ्या आम्हां लोकांना निरोपाचे प्रसंग नवे नाहींत. सहारचा विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर आहे. रात्रीं-अपरात्रीं कोणाचा तरी बाप दूरदेशीं निघतो आणि घरचीं माणसें दाराशीं उभीं राहतात. असा पुरुष पुढें नातवंडें पाहून निवर्तला, म्हणजे त्याच्या पेटींतील जुनीं पत्रें व परदेशचीं छायाचित्रें बाहेर निघतात, आणि भेटीस आलेल्यांच्या तोंडून एकच वाक्य पुन्हां पुन्हां ऐकूं येतें : केवढें जग पाहिलें त्यांनीं! तें वाक्य खरें असतें. परंतु कोपऱ्यांत बसून तें ऐकणाऱ्या त्याच्या वृद्ध पत्नीकडे दृष्टि गेली, कीं आमच्या मनांत प्रश्न उभा राहतो. घर सोडून जग पाहिलेल्या पित्याचें स्मरण मुलानातवंडांनीं कोणत्या रीतीनें करावें? त्याच्या प्रवासाचा अभिमान बाळगावा, कीं त्याच्या अनुपस्थितीचा हिशेब मागावा?

हा प्रश्न नुसत्या तर्कानें सुटणारा नाहीं. एखादें खरें चरित्र समोर ठेवूनच तो पाहिला पाहिजे. आम्ही येथें धर्मानंद कोसंबी यांचें चरित्र घेतों. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहांत हे पाली भाषेचे पंडित प्रथम शिरोड्यास आणि नंतर आमच्या याच विलेपार्ल्याच्या छावणींत दाखल झाले, व पुढें तुरुंगांतही गेले. त्या वेळीं त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें होतें, आणि पायांखालून अर्धें जग गेलेलें होतें.

गोव्यांतील सांखवाळ या गांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या या माणसाला शाळेचें शिक्षण फारसें लाभलें नव्हतें. बुद्धाच्या धर्माचें ज्ञान मिळवावें, या एकाच ध्यासानें त्यांनीं १८९९ सालीं घर सोडलें. पुणें, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी ती वाट होती. कोठें संस्कृत शिकावें, कोठें भिक्षु होऊन पाली ग्रंथ वाचावे, कोठें अन्नछत्रांत जेवावें. पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा ५० रुपयांचें साहाय्य दिलें, तें त्यांनीं महाराष्ट्रांत राहून ग्रंथ लिहावे म्हणून. १९१० पासून चार वेळां ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठीं गेले. १९२९ च्या सुमारास रशियांत लेनिनग्राडलाही राहून आले. फर्ग्युसन महाविद्यालयांत १९१२ पासून सहा वर्षें त्यांनीं पाली शिकवली, आणि महाराष्ट्रांत त्या विद्येचा पाया घातला. १९३७ सालीं परळच्या कामगार वस्तींत त्यांनीं बहुजनविहार उभारला. ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें अन्नत्याग करून त्यांनीं देह ठेवला.

ही जमेची बाजू झाली. आतां खर्चाची बाजू पाहूं. १८९९ सालीं ते निघाले, तेव्हां घरीं पत्नी बाळाबाई होत्या आणि माणिक ही तान्ही मुलगी होती. पति केव्हां परतेल, याचा भरंवसा नव्हता. कित्येक वर्षांनीं ते परतले. १९०७ सालीं मुलगा दामोदर जन्मला. आणि तीन वर्षें होतात न होतात तों ते समुद्रापार गेले. १९१८ सालीं मुलांना अमेरिकेस नेलें, तेव्हां बाळाबाई मागेंच राहिल्या. धर्मानंदांचें ‘निवेदन’ हें प्रांजळ आत्मचरित्र १९२४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें. बाळाबाईंचें निवेदन आपल्याजवळ नाहीं.

अशा वेळीं दोन उत्तरें तयार असतात. एक पक्ष म्हणतो, एवढें कार्य ज्यानें केलें त्याला घरची उणीव विचारणें हा क्षुद्रपणा होय. दुसरा म्हणतो, ज्याला स्वतःचें घर सांभाळतां आलें नाहीं, त्याच्या विद्येची थोरवी आम्हांला सांगूं नका. दोन्ही उत्तरें आम्हांस अपुरीं वाटतात. दुसऱ्या उत्तरानें मिळालेला ठेवाच नाकारला जातो. धर्मानंद सांखवाळांतच राहते, तर आपण पाली वाङ्मयाला केवढ्या अंशानें मुकलों असतों! पहिल्या उत्तराचा दोष मात्र अधिक सूक्ष्म आहे. ज्याचें येणें बुडालें, सूट देण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. ज्याला लाभ झाला त्यानें ती सूट जाहीर करणें, म्हणजे परक्याच्या तिजोरींतून दानधर्म करणें होय. आपण वाचक लाभ घेणारे आहों. धर्मानंदांना क्षमा करण्याचा किंवा न करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आपल्या वांट्याला ऋण येतें, आणि तें एकट्या धर्मानंदांचें नसून बाळाबाईंचेंही आहे.

येथें एक गोष्ट मनांत घोळत राहते. बुद्धानें पत्नीला व नवजात राहुलाला निजलेलें सोडून रात्रीं गुपचूप गृहत्याग केला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. धर्मानंदांनीं १९४० सालच्या आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांत ती नाकारली. जुन्या पाली सुत्ताच्या आधारें त्यांनीं दाखवलें, कीं तो तरुण आईबाप रडत असतां त्यांच्या डोळ्यांदेखत घराबाहेर पडला. आणि त्यामागें शाक्य व कोलिय यांच्यांतील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा होता. हें पंडिताचें संशोधन आहे, त्यांत त्याचें स्वतःचें मन शोधणें योग्य नव्हे. तथापि, रडणारीं माणसें कथेंतून पुसूं नयेत, हा धडा त्यांतून कोणीही घ्यावा.

मुलाचें आणि नातवंडाचें स्मरण सारखें नसतें. मुलगा जाणारी पाठ पाहतो. नातवंडाला बहुधा परतलेला आजा आणि त्याच्या गोष्टी मिळतात. म्हणून कदाचित् निष्पक्ष होणें नातवंडाला अधिक साधतें. धर्मानंद वारले तेव्हां त्यांची नात मीरा आठ वर्षांची होती. पुढें ती समाजशास्त्राची व स्त्रियांच्या इतिहासाची अभ्यासक झाली, आणि २०११ सालीं तिनें केलेला ‘निवेदना’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मागें राहिलेल्या स्त्रियांचें जिणें ज्या विद्येंत अभ्यासिलें जातें, ती विद्या शिकलेल्या नातीनेंच दूर गेलेल्या आजाचे शब्द जगापुढें नेले. अभिमान आणि हिशेब एकाच घरांत नांदूं शकतात, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां पेटी उघडावी, छायाचित्रें पाहावीं, आजानें पाहिलेल्या जगाचें कौतुकही मोकळ्या मनानें करावें. मात्र पेटी मिटण्यापूर्वीं नातवंडांपैकीं कोणीं तरी कोपऱ्यापर्यंत जावें आणि विचारावें : आजी, आजोबा तिकडे होते तेव्हां तूं इकडे घर कसें चालवलेंस? हें विचारण्यास उशीर करूं नये. तिची पेटी कोणीं भरून ठेवलेली नसते.