भक्ती एकांतातली की संगतीची?

देवाची उपासना चारचौघांत करावी, की दार लावून घेऊन एकट्याने? हा प्रश्न कोण्या एका धर्माचा नाही. जिथे जिथे माणूस देवाकडे वळला, तिथे तिथे तो उभा राहिलाच. कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाच्या, म्हणजे लेंटच्या, पहिल्याच दिवशी तो अगदी उघडपणे समोर येतो. म्हणून आज त्या दिवसाचा विचार करू.

ईस्टरपूर्वीचे, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस हा त्यांचा उपवासकाळ. त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. मागल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून राख करतात, आणि हा देह मातीचा आहे याची आठवण देऊन ती प्रत्येकाला लावतात. रोम शहरात त्या दिवशी अॅव्हेंटाइन टेकडीवर संत आन्सेल्मच्या चर्चपासून संत सबीनाच्या चर्चपर्यंत पदयात्रा निघते. अंतर फार नाही. पण मठवासी, धर्मगुरू, कार्डिनल आणि बहुधा स्वतः पोप, संतांची नामावळी गात ते चालत जातात. पुढे रोज एका ठरलेल्या चर्चमध्ये यात्रेकरू जमतात. कित्येकजण तर भल्या पहाटे पायी निघतात. ही रीत फार जुनी. थोर ग्रेगरी पोप असताना (५९०–६०४) तिला शिस्त लागली. पुढे १३०९ ते १३७७ पोपांचे वास्तव्य फ्रान्सातील आव्हिन्यों येथे होते, तेव्हा ती मोडकळीस आली. विसाव्या शतकात तिला पुन्हा जीव आला.

आता गंमत अशी, की त्याच दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात त्यात येशूची शिकवण नेमकी उलट दिसते. दानाचा डांगोरा पिटू नका, प्रार्थना दार लावून करा, उपवासाच्या दिवशी तोंड धुऊन प्रसन्न राहा, म्हणजे कुणाला पत्ता लागायचा नाही. हे ऐकायचे, आणि लगेच सगळ्यांदेखत डोक्यावर राख घ्यायची! हे जुळायचे कसे? कोणी म्हणेल, हा शुद्ध दंभ.

परंतु सज्जनहो, दंभाला काय लागते ते आधी पाहा. दंभाला प्रेक्षक लागतो. एकाने सोंग घ्यायचे आणि दहांनी वाहवा करायची, तेव्हा दंभ पोसतो. पूर्वी राख घेत ती केवळ घोर पाप करून जाहीर प्रायश्चित्त करणारी माणसे, बाकीचे बघत. पुढे १०९१ साली बेनेव्हेन्तो येथील धर्मसभेने ती सर्वांनीच घ्यावी असे ठरवले. त्यामुळे बघणारा कोणी उरलाच नाही. जो राख लावतो तोही घेतो, खुद्द पोपही मान वाकवून दुसऱ्याच्या हातून घेतो. सगळेच अपराधी म्हटल्यावर मिरवायचे कोणापुढे?

दुसरी गोष्ट. या रोजच्या मुक्कामाला लॅटिनमध्ये 'स्तात्सिओ' म्हणतात. हा शब्द जुन्या ख्रिस्ती लोकांनी शिपायांच्या पहाऱ्याशी जोडला होता. पहारा एकट्याने होत नाही. एकाला डुलकी आली तर दुसरा हलवून जागे करतो. मनाचेही तसेच आहे. पहिल्या दिवशीचा निश्चय दहाव्या दिवशी ढिला पडतो. त्या वेळी, दाराशी सोबती येऊन उभा राहील या विचारानेच पाय अंथरुणाबाहेर पडतात. यात कमीपणा कसला?

तरीही शंका पुरती फिटत नाही, हे कबूल केले पाहिजे. मी चाळीसही दिवस चाललो, तो चारच दिवस आला, असा हिशेब मनात सुरू झाला की सोबतीच प्रेक्षक होतो आणि सत्संगाची स्पर्धा होते. आणि एकांतात तरी सुटका आहे का? बंद खोलीत माणूस स्वतःचाच प्रेक्षक होऊन स्वतःचीच पाठ थोपटतो. तेव्हा दार उघडे की बंद, यावर दंभ ठरत नाही.

मग कसोटी कोणती? पाचव्या शतकातला थोर लिओ पोप उपवासकाळातील प्रवचनांत पुन्हा पुन्हा सांगे, की आपल्या ताटातले जे कमी केले ते भुकेल्याच्या मुखी जावे. इथे मात्र पदयात्रा सोबतीला येत नाही. ते देणे उजव्या हाताचे डाव्याला न कळता व्हायचे असते. संगतीत चालून मन मऊ झाले, आणि मऊ झालेल्या मनाने गुपचूप कुणाची भूक भागवली, तर त्या दिवशीचे वाचन आणि त्या दिवशीची राख यांत विरोध उरत नाही. चालावे सर्वांबरोबर, द्यावे कुणाला न सांगता. चालणे झाले आणि देणे राहिले, तर पायांना श्रम तेवढे झाले म्हणायचे.