मिटलं, पण सुटलं का?

आमच्या घरी औषधांच्या डब्यात निळा पंप कायम असतो. धाकट्या भावाचा. त्याला लहानपणापासून दमा, आणि बेळगावचा पावसाळा दमेकऱ्यांना मानवत नाही. २०१८ च्या जुलैत असाच पाऊस लागून राहिला होता. भाऊ पाठीशी दोन उश्या घेऊन मोबाइलवर फ्रान्समधली सायकल शर्यत बघत बसला होता. ‘टूर द फ्रान्स’चं त्याला वेड आहे. मी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर एक किडकिडीत माणूस घाट चढत होता आणि दोन्ही बाजूंची गर्दी त्याच्या अंगावर ओरडत होती. एकानं तर हात लांब करून त्याला फटका मारला.

“अक्का, ह्याला का ओरडतात ठाऊक आहे तुला?” भाऊ म्हणाला. “ह्याचं औषध नि माझं औषध एकच.”

मी चहा तिथंच ठेवला आणि बसले.

तो सायकलपटू होता ब्रिटनचा क्रिस फ्रूम. टूर द फ्रान्स चार वेळा जिंकलेला. २०१७ च्या सप्टेंबरात स्पेनच्या मोठ्या शर्यतीत त्याच्या लघवीच्या नमुन्यात साल्ब्युटामॉल जास्त सापडलं. साल्ब्युटामॉल म्हणजे आपल्याकडे दमेकऱ्यांच्या घरोघरी असतं तेच, निळ्या पंपातलं. खेळाडूंना ते घ्यायला बंदी नाही, मर्यादा आहे. चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण सोळा पफ. लघवीत एका मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमपर्यंत चालतं. फ्रूमच्या नमुन्यात २००० निघालं. नियमाप्रमाणे ही गोष्ट गुप्त राहायची, पण डिसेंबरात वर्तमानपत्रांनी ती फोडली. मग पुढचे सहा-सात महिने चौकशी चालली. तो खेळत राहिला, मे महिन्यात इटलीची शर्यतही जिंकला, आणि लोक धुसफुसत राहिले.

२ जुलै २०१८ ला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं चौकशी बंद केली. उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेनं तज्ज्ञांकडून सगळं तपासून घेतलं होतं. शरीरातलं पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते. तो हिशेब धरल्यावर आकडा १४२९ वर आला. आजारपण, वाढवलेला डोस, रोजची शर्यत, हे सगळं पाहता त्यानं मर्यादेबाहेर औषध घेतलं असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. टूर द फ्रान्स सुरू व्हायला पाच दिवस होते.

मला विचार करायला लावलं ते पुढच्या तीन आठवड्यांनी. शर्यतीआधी संघांची ओळख करून देतात, तिथं त्याची हुर्यो उडाली. आल्प द्युएझच्या घाटात, एकवीस वळणांच्या त्या प्रसिद्ध चढावर, त्याला फटका बसला. त्याच संघाचा गेरेंट थॉमस त्या दिवशी पहिला आला, तर बक्षीस घेताना त्याचीही हुर्यो. त्याच्यावर तर कसली चौकशीच नव्हती. आणि दुसरीकडे फ्रूमचे चाहते म्हणत होते, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? पेपर वाचून निकाल लावणाऱ्यांनी आता माफी मागावी.

दोन्ही बाजूंना एकच बातमी मिळाली होती. एकांना ती दोषमुक्तीचं प्रमाणपत्र वाटली, दुसऱ्यांना पैशाच्या जोरावर झालेली सुटका. इटलीच्या पेताक्की आणि उलिस्सी या सायकलपटूंवर याच औषधापायी बंदी आली होती. मग हाच कसा सुटला, असं लोक विचारत होते. प्रश्न अगदीच खोटा नव्हता.

आपल्या भाषेत एक सोय आहे. कोडं सुटतं, गाठ सुटते, पण भांडण मिटतं, प्रकरण मिटतं. सुटलं म्हणजे आतलं काय ते दिसलं. मिटलं म्हणजे पुस्तक मिटावं तसं, आतली पानं आतच राहिली. बंद झालेली चौकशी बहुतेक वेळा ‘मिटलेली’ असते आणि आपण ती ‘सुटलेली’ समजून नाचतो किंवा रागावतो. फ्रूमच्या बाबतीत काही कारणं सांगितली गेली, पण बराच भाग तज्ज्ञांच्या शब्दावर होता. सामान्य माणसानं विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, एवढंच उरलं.

आणि विश्वास तर आधीच कुणीतरी खर्चून टाकला होता.

त्यासाठी सहा वर्षं मागं जायला हवं. ३ फेब्रुवारी २०१२, शुक्रवार. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी लान्स आर्मस्ट्राँगवरची सुमारे दोन वर्षं चाललेली फौजदारी चौकशी बंद केली. कारण दिलं नाही. आर्मस्ट्राँग म्हणजे कॅन्सरातून उठून १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. त्याच्या संस्थेची पिवळी रबरी पट्टी जगभर कोट्यवधी लोकांनी मनगटावर घातली होती. कितीतरी जणांनी ती केमोथेरपीच्या खोलीत घातली असेल. त्या शुक्रवारी अशा लोकांना काय वाटलं असेल ते मला समजू शकतं. त्यांना सायकलीशी काय करायचं होतं? आपण ज्याच्याकडे बघून उठून बसलो तो खोटा नव्हता, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्याच शुक्रवारी आणखीही काही माणसं होती. एमा ओ’रायली ही आयरिश बाई आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करायची. डोळ्यांनी पाहिलेलं तिनं सांगितलं, तर तिच्यावर खटला भरला, तिच्या चारित्र्यावर चिखल उडवला. बेट्सी अँड्र्यू, त्याच्याच एका सहकाऱ्याची बायको. तीही खरं बोलली आणि वर्षानुवर्षं तिला द्वेषानं पेटलेली, डोकं फिरलेली बाई ठरवलं गेलं. सरकारी चौकशी बंद झाल्यावर ज्यांनी जल्लोष केला त्यांच्या मनातही नसेल, की आपली प्रत्येक टाळी या बायकांच्या गालावर बसते आहे. ‘तो निर्दोष ठरला’ म्हटलं की त्याला लागून एक न बोललेलं वाक्य येतं, ‘म्हणजे त्या खोटारड्या’. बाईच्या बाबतीत तर ते वाक्य बोलावंही लागत नाही.

आठ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं सव्वीस जणांच्या साक्षींसह सगळं मांडलं. त्यात त्याचे अकरा जुने सहकारी होते. सातही विजेतेपदं गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं टीव्हीवर कबुली दिली. फेब्रुवारीत फक्त मिटलं होतं, ऑक्टोबरात सुटलं.

आता आल्प द्युएझच्या घाटातला तो हात बघा. २०१८ मध्ये फ्रूमवर उगारलेल्या हातात २०१२ चा राग होता. एकदा चौकशी बंद झाल्यावर टाळ्या वाजवून लोक फसले होते. परत फसायचं नाही, अशी त्यांनी मनाशी गाठ मारली होती. कर्ज एकानं काढलं, हप्ते दुसऱ्याच्या दारात. घरात एकदा चोरी झाली की पुढच्या कामवालीची पिशवी तपासतात ना, तसं. तिनं काय केलेलं असतं? आधीची गेली आणि ही आली, एवढंच.

कुणी म्हणेल, पण बाई, संशय घेणं हे शहाणपण नाही का? दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणं यात गैर काय? गैर काहीच नाही. फुंकून जरूर प्यावं. पण फुंकणं वेगळं आणि ताकाचा पेला वाढणाऱ्याच्या तोंडावर मारणं वेगळं. २०१५ मध्ये याच फ्रूमवर चालत्या शर्यतीत कुणीतरी लघवी फेकली होती, वर ‘उत्तेजकवाला’ म्हणून ओरडलं. तेव्हा तर कसलाच नमुना सापडलेला नव्हता. म्हणजे संशय आधी होता, आकडा नंतर आला.

आणि गर्दीचा हा राग सत्याच्या प्रेमापोटी असतो, असं म्हणावं तर रिशार विरांकची गोष्ट आड येते. १९९८ मध्ये फ्रान्समध्येच फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सापडला. विरांक त्या संघाचा लाडका गडी. दोन वर्षं ‘मी नाही घेतलं’ म्हणत राहिला, २००० मध्ये कोर्टात कबूल झाला, बंदी भोगून परत आला. आणि रस्त्याकडेची तीच फ्रेंच गर्दी त्याच्या नावानं ओरडून गळे बसवून घेत होती! कबूल केलं म्हणून क्षमा केली, असं म्हणता येईल, आणि क्षमा ही मोठीच गोष्ट आहे. पण आपल्या माणसाला गुन्हा सिद्ध झाल्यावर क्षमा आणि परक्याला सिद्ध न होताही शिक्षा, हा कुठला न्याय? आपल्या मुलाची ती चूक आणि शेजारच्याच्या मुलाचं ते वळण. हे आपण घरात करतो, तेच लोक घाटात करतात.

इथं मला भावाची शाळा आठवते. तो सातवीत असताना पळण्याच्या तासाला बसून राहायचा. दम्याचं नाटक करतो, अशी एका शिक्षकांनी तक्रार केली. वडिलांना बोलावणं आलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, प्रकरण मिटलं. पण मुलं त्याला ‘नाटक्या’च म्हणत राहिली. चिठ्ठी कार्यालयात राहिली, नाव अंगाला चिकटलं. तेव्हापासून चारचौघांत पंप ओढायची वेळ आली की तो पाठ फिरवून ओढतो. आता तो बेचाळीस वर्षांचा आहे. अजून पाठ फिरवतो.

म्हणून माझं म्हणणं दोघांकडे आहे. चौकशी बंद करणाऱ्यांनी कारण सांगावं, लोकांना कळेल अशा भाषेत, पूर्ण सांगावं. कारण न देता दार लावलं की आतला दोषी असेल तर त्याचं फावतं आणि निर्दोष असेल तर तो जन्मभर त्या बंद दाराआड अडकतो. २०१२ च्या न सांगितलेल्या कारणांची किंमत पुढं इतरांनी मोजली.

आणि बघणाऱ्यांनी एक ओळखावं. मनातला संशय हा आपला हक्क आहे. तो कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि चांगल्या कारणानं आला असेल तर काढूही नये. पण त्या संशयावरून हात उचलायचा, तर मनापेक्षा मोठा पुरावा लागतो. मला वाटतं एवढ्यानं भागत नाही, म्हणून इतरांना पटवायचा अधिकार येतो, शिक्षा करायचा नाही. सायकलच्या शर्यतीत तर हे फारच खरं. तिथं तिकीट नाही, घाटात बहुतेक ठिकाणी कठडाही नाही. खेळाडू हाताच्या अंतरावरून जातो. इतक्या जवळ येऊ देणारा दुसरा मोठा खेळ मला माहीत नाही. तो माणूस धापा टाकत, पुढं बघत, तुमच्यावर भरवसा ठेवून तुमच्या हाताजवळून जातो. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवा न ठेवा, त्यानं तुमच्यावर ठेवलेला असतो.

त्या दिवशी भावानं विचारलं, “अक्का, तू काय म्हणतीस? मानायचं ह्याला निर्दोष?”

मी म्हटलं, “मानायचं.”

“आणि उद्या काही निघालं तर? आर्मस्ट्राँगसारखं?”

“तर फसले म्हणायचं. दोनदा फसले म्हणून मी मरत नाही. पण तो खरा असेल आणि मी दगड मारला असेल, तर तो दगड मला परत घेता येत नाही.”

तो काही बोलला नाही. शर्यत संपत आली होती. बाहेर पावसाची सर आली, त्याला धाप लागली. त्यानं डब्यातला निळा पंप घेतला, सवयीनं भिंतीकडे वळला. मग काय वाटलं कोण जाणे, अर्ध्यावर थांबला आणि माझ्यासमोरच दोन पफ घेतले. मी चहा गरम करून आणायला उठले.