लाटेवर हक्क कोणाचा?

लाटेला मालक नसतो. तरी सर्फिंग करताना ती आधी कोणी घ्यावी, हा न्यायाचा प्रश्न आहे. हवाईत काही लाटा सरदारांसाठी राखीव असत. त्यामागची ‘कापू’ ही धार्मिक निषेधांची व्यवस्था १८१९ मध्ये मोडली. आजच्या सर्फरांचा संकेत साधा: लाट जिथे फुटू लागते त्या जागेच्या जो सर्वांत जवळ, त्याची ती लाट. हायड्रोफॉइल लावलेल्या फळीपुढे हा संकेत अपुरा पडतो. या पाण्याखालच्या पंखामुळे फळी वर उचलली जाते आणि न फुटलेली लाटही दुरूनच पकडता येते. पण क्षमतेतून हक्क जन्मत नाही. तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते सामायिक संपत्तीतून काही घेताना इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. सर्फरला उभी, फुटणारी लाटच लागते. फॉइलस्वाराला मंद उसळीही पुरते. शिवाय त्याचा पंख गर्दीत गंभीर जखमा करू शकतो. त्यामुळे सर्फरांच्या जागेपासून लांब राहण्याचे कर्तव्य मुख्यतः त्याचेच ठरते.