गुरू आणि गाव

विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सुभाषित खरेच आहे. पण त्याची कसोटी कुठे लागते, हे पाहायची आपल्याला सवय नसते. परदेशी राहून संगीत शिकवणाऱ्या माणसाचा विचार मनात आला, की मला ती कसोटी दिसू लागते. अशा माणसाबद्दल लोक बहुधा दोनच गोष्टी बोलतात. एक म्हणतो, याने विद्या डॉलरला विकली. दुसरा म्हणतो, याने सातासमुद्रापार झेंडा लावला. मला दोन्ही बोलणी उथळ वाटतात. पोट घरीही असतेच, आणि झेंड्याला सूर नसतो. प्रश्न निराळाच आहे. जिथे आपली चूक धरणारा कोणी नाही, तिथे माणसाने किती खरे राहावे?

आपल्याकडे गुरू एकटा कधी शिकवीतच नाही. मिरजेचेच उदाहरण घ्या. मुलगा बुवांपुढे तासभर बसतो. उरलेला दिवस त्याला गाव शिकवते. तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांवरून जाताना नुकत्याच लावलेल्या तारांचा झणकार त्याच्या कानांवर पडतो. देवळात भजन असते, दर्ग्याच्या उरुसात रात्रभर गाणे असते, घरात आजीची ओवी असते. मैफलीत पुढे बसलेला एखादा म्हातारा समेवर मान डोलावतो, आणि जागा हुकली तर तंबाखू मळता मळता नुसता वर बघतो. ते बघणे हाही एक धडाच. तो पोराला जसा मिळतो तसा बुवांनाही मिळतो. गाव शिष्याला घडवते आणि गुरूला बिघडू देत नाही.

हे आपल्या रागदारीपुरतेच आहे असे समजू नका. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. रविवारच्या प्रार्थनेत चार आवाज एकमेकांत मिसळताना ऐकत ती मुले वाढत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच वातावरणातून मुंबईला आले. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता, म्हणजे तेव्हा मुंबई हा त्यांना कागदोपत्री परदेशच. तिथे त्यांनी प्यारेलाल शर्मा नावाच्या मुलाला व्हायोलिन शिकवले. या मुलाच्या बालपणात ते चर्च नव्हते. जे काही पोहोचवायचे ते गुरूलाच पोहोचवायचे होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तले गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यातले अँथनी गोन्साल्विस हे नाव नुसती गंमत नव्हे. ते त्या चित्रपटाच्या एका संगीतकाराच्या गुरूचे नाव आहे.

गाव बरोबर नेता येत नाही, ही अडचण जुनी आहे. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरात. आज ते शहर दुसऱ्या देशात आहे. त्या काळीही भाषेने, चालीरीतीने ते मिरजेपासून दूरच होते. बुवांनी स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली. पुस्तक ही गावाची जागा घेणारी वस्तू नव्हे. पण गावातले थोडेसे गाठोड्यात बांधून नेण्याची ती एक युक्ती होती, असे मला वाटते.

मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे चिरंजीव सरोदवादक अली अकबर खाँ १९५५ साली अमेरिकेत पहिल्यांदा वाजवायला गेले. पुढे १९६७ मध्ये बर्कली येथे त्यांनी आपले विद्यालय सुरू केले, आणि वर्षभराने ते सॅन राफेलला नेले. २००९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी चाळीसाहून अधिक वर्षे तिथल्या मुलामुलींना शिकवले. सरोद शिकायला आलेल्यांनाही ते गायला बसवीत. आपल्याकडे हे नवे नाही, कारण हात जे वाजवतो ते आधी गळ्यात असावे लागते. पण ज्याच्या कानांवर जन्मापासून पियानोच्या ठरीव पट्ट्या पडल्या आहेत, त्याला भैरवातला आंदोलित रिषभ गळ्यातून काढायला लावणे हे किती चिकाटीचे काम असेल!

आणि अडचण काय एकट्या रिषभाची आहे? मल्हार पावसाचा. कॅलिफोर्नियात ऐन आषाढात आकाश कोरडे असते, आणि पाऊस पडतो तो थंडीत. तिथे मल्हार कधी शिकवायचा? लंडनला जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. मारवा घड्याळ पाहून गायचा की सूर्य पाहून? घरी असताना असले प्रश्न पडत नाहीत, कारण उत्तर आभाळच देते. परदेशी गुरूला मात्र नियमामागचे कारण शोधावे लागते. धान्य कोणते आणि फोलपट कोणते, हे त्याला एकट्याने पाखडावे लागते. या पाखडण्यात त्याची स्वतःची विद्या त्याला नव्याने कळते, हा त्याचा लाभ.

मोहही इथेच उभा असतो. रिषभ जरा चढा लागला, तरी समोरची मंडळी डोळे मिटून डोलतच असतात. वर बघणारा म्हातारा तिथे नाही. सहा महिन्यांत शिष्याला दोन राग “येतात” असे सांगितले, तर शिष्य खूश, शिकवणीही चालू. कोणाला कळणार आहे?

मी शाळामास्तर आहे. ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत अशी दोन-चार मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात. बाकीच्या मुलांना मराठी आई शिकवते, अंगण शिकवते, भांडणे शिकवतात. मी फक्त वळण लावतो. त्या दोन-चार मुलांना मात्र मी बोलेन तीच मराठी. त्यांच्यापुढे उभा राहिलो की शब्द तोंडातून सोडताना मी सावध असतो. जो आपल्याला तपासू शकत नाही, त्याचे देणे सर्वांत मोठे. परदेशातल्या संगीतशिक्षकाचा धर्म मला याहून वेगळा वाटत नाही. गुरुत्व त्याने सोबत नेलेलेच असते. त्या म्हाताऱ्याची नजरही त्याने सोबत न्यावी, आणि ती प्रथम स्वतःवर रोखावी.

हे सारे दूर गेलेल्यांना सांगणे सोपे आहे. आपले काय? दिवाळीच्या पहाटे आपण नटूनथटून गाणे ऐकायला जातो, अत्तराचा फाया कानात घालतो, आणि निवेदकाने सांगितले की टाळ्या वाजवतो. समेवर मान आपोआप हलणारे आपल्यात किती उरले आहेत? गाव म्हणजे घरे नव्हेत. गाव म्हणजे ऐकणारे कान. ते कान उरले नाहीत, तर मिरजेत बसलेला गवईही परदेशातच बसलेला असेल, आणि त्याला तर परतायलाही गाव नसेल.