ताठरलेले पाय

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोरा परिसरात धान कापणीला आलं, की बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकायची जुनी रीत आहे. नांगर नाही, वेगळं पाणी नाही. धान निघेपर्यंत ती उगवून आलेली असते. हे उतेऱ्याचं पीक. कोवळ्या पाल्याची भाजी, पुढे डाळ. पाऊस दगा देतो तेव्हाही ती तग धरते, आणि गोम तिथेच आहे. दुष्काळात ताटात दुसरं काही उरत नाही, महिनोन्महिने लाखोळीच पोटात जाते आणि काहींचे पाय जातात.

पण जातात कसे? लुळे पडत नाहीत, ताठरतात. टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांना घासणारे, पावलं एकमेकांत अडकणारी. गुडघ्याखाली हातोडी हलकेच टेकवली तरी पाय झटक्याने उडतो. स्पर्श कळतो, डोकं शाबूत, हातही सहसा ठीक. एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलं आहे.

मेंदू हुकूम देतो, मज्जारज्जू तो पोचवतो, ही समजूत प्राचीन वैद्य गॅलेनइतकी जुनी. त्याने जनावरांचा मज्जारज्जू कापून पाहिला. कापाखालची हालचाल बंद. या हिशेबाने हुकूम तुटला की पाय ढिला पडायला हवा. लाखोळीचा पाय त्यात बसत नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सनने निराळा विचार मांडला: वरचं केंद्र खालच्याला नुसतं चालवत नाही, आवरूनही धरतं, वरचं गेलं की खालचं मोकाट सुटतं. शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवलं, की एक स्नायू आखडताना त्याच्या विरुद्ध स्नायूला मज्जारज्जूच गप्प करतो. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउनने तर मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी चालण्याची लय मागच्या पायांच्या स्नायूंत उमटली. मेंदूचा कोणता भाग कोणता अवयव हलवतो हे दाखवणाऱ्या, पेनफिल्ड या मेंदूशल्यतज्ज्ञाच्या बेढब माणसाच्या चित्राला जास्त प्रसिद्धी मिळाली. मला हे मांजर मोठं वाटतं. मज्जारज्जू निव्वळ निरोप्या नाही, त्याला स्वतःचा धंदा येतो. मेंदू त्याला वेसण घालतो.

लाखोळीतलं विष १९६४ मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. ते ग्लुटामेटसारखं असल्याने चेतापेशींना बेसुमार उत्तेजित करतं, आणि मेंदूकडून कमरेपर्यंत उतरणारे लांब तंतू झिजतात. वेसण तुटते, बैल जागेवरच असतो. पोलिओ मात्र मज्जारज्जूतल्या पेशीच मारतो, म्हणून त्यातला पाय लुळा. विष सापडण्याआधीच, १९६१ पासून, बऱ्याच राज्यांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. बांधीतून मात्र ती गेली नाही. डाळ भिजवून, उकळून, पाणी ओतून देण्याची पद्धत आणि मिश्र आहार यांनी जास्त काम केलं असतं.

ताठरपणा सैल करणारी औषधं आहेत. ती देताना डॉक्टर हात राखून असतात, कारण ताकद हरवलेला माणूस कित्येकदा त्याच ताठरपणाच्या आधारावर उभा असतो. सैल केलं तर खाली बसतो.