उजेड मागणारं बी

माघ सरत आला, उन्हाळी फुलांचं बी पेरायला घ्यावं. झिनियाचं बी अर्धा सेंटिमीटर मातीखाली गेलं की पुरे. उबेत आठवडाभरात उगवतं. चिनी गुलाबाचं निराळं. त्याचं बी वाळूच्या कणासारखं, आणि उगवायला त्याला उजेड लागतो. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही. बी आधी पाणी पितं, मग मूळ खाली सोडतं. वर काहीच दिसत नाही, तेव्हा आत केवढं काम चाललेलं असतं! नेमकी तेव्हाच आपल्याला घाई होते. तांब्याभर पाणी ओतलं जातं आणि कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. फार जीव हळहळतो. हातानं शिंपडलेलं पाणी पुरतं. आजच कुंडी भरा, आणि बी घरातल्या लहानग्याच्या हातानं पेरा.