जादूचा लोटा आणि निकेलचा मुलामा
जादूगार लोटा पालथा करून रिकामा दाखवतो, तरी थोड्या वेळाने त्यातून पुन्हा पाणी येतं. (गुपित सांगणार नाही!) असे काही लोटे पितळेचे, वरून निकेलचा मुलामा. आपली कलई वेगळी, ती कथिलाची. बोटं लागून मुलामा झिजतो, पिवळं पितळ दिसतं. राख-काथ्याने घासलं तर उरलेलाही जातो. जुना काढून, पॉलिश करून नवा चढवावा लागतो.

ही फसवणूक का? मला नाही वाटत. प्रेक्षक फसायलाच बसलेला असतो, खूश होऊन उठतो. पण तोच लोटा नवा म्हणून विकला तर? घेणाऱ्याने फसायला कुठे होकार दिला होता? "लोटा जुना, मुलामा नवा" एवढं सांगावं. किंमत कमी येईल, येऊ दे.